रांगेचे अर्थशास्त्र आणि स्वदेशीचा अर्थ

(हिंजवडी येथे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी नऊ वाजता उभे राहिलेल्या माणसाला कोणी सांगितले की, या देशात एकेकाळी वाहनांचा दुष्काळ होता, तर त्याचा विश्वास बसणार नाही. वाकडच्या पुलापासून माणपर्यंत मोटारी, दुचाक्या, कंपन्यांच्या बसगाड्या आणि टेम्पो ट्रॅव्हलर यांची न संपणारी साखळी असते. वाहने उदंड आहेत, अपुरा पडतो तो रस्ता. परंतु या सभागृहातील तरुणांच्या आजोबांच्या काळी चित्र नेमके उलटे होते. रस्ते मोकळे होते, खिशात कष्टाने साठवलेले पैसे होते आणि तरीही स्कूटर मिळत नव्हती. नंबर लावून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबावे लागे. थोरला मुलगा शाळेत जाऊ लागला की नंबर लावावा, म्हणजे तो नोकरीला लागेपर्यंत गाडी दारात येते, असे त्या काळी विनोदाने म्हटले जाई. त्या विनोदात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

हा दुष्काळ निसर्गनिर्मित नव्हता. पोलाद होते, कुशल कारागीर होते, उद्योजक होते, गिऱ्हाईक तर रोख रक्कम घेऊन दाराशी उभे होते. नव्हती ती केवळ परवानगी. स्वतंत्र भारताच्या सरकारने आपल्याच नागरिकांच्या कर्तृत्वावर हा पहारा का बसवला, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्यातून आजच्या पिढीने काय शिकावे, हा या विवेचनाचा विषय आहे.

'टेम्पो' हा शब्द कोठून आला?

प्रारंभ एका साध्या शब्दापासून करू. घर बदलायचे असेल, गणपतीची मूर्ती आणायची असेल, मार्केट यार्डात भाजीपाला पोहोचवायचा असेल, तर मराठी माणूस 'टेम्पो बोलाव' असे म्हणतो. हा शब्द मराठी तर नाहीच, शिवाय तो मुळात सामान्यनामही नाही. हॅम्बुर्गजवळच्या विडाल आणि सोन या जर्मन कंपनीच्या वाहनांचे ते व्यापारी नाव आहे. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि त्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने 'हॅन्सिएट' नावाचे तीन चाकी मालवाहू वाहन भारतात बनू लागले. पुढे त्याच घराण्यातील 'मॅटाडोर' ही चार चाकी व्हॅन आली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या या व्हॅनचे नावही सामान्यनाम झाले. वऱ्हाड मॅटाडोरने निघे, रुग्णवाहिका मॅटाडोरची असे, शाळेची मुलेही मॅटाडोरमधूनच जात.

फिरोदिया हे मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले वकील. माणसाने माणसाला ओढावे, ही रिक्षाची प्रथा त्यांना सलत होती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इटलीतील पियाज्जो कंपनीचे तीन चाकी मालवाहू वाहन आयात केले आणि त्यावर उतारू बसतील अशी रचना करवून घेतली. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना त्यांनी ते वाहन दाखवले. आयात केलेल्या मालवाहू गाडीपासून ऑटोरिक्षा जन्माला आली आणि पुणे हे तिचे माहेरघर ठरले. एक परदेशी वस्तू, तिच्यावर चाललेली देशी बुद्धी आणि मागे एक सामाजिक तळमळ, असा हा संगम होता. स्वदेशीची याहून चांगली व्याख्या शोधूनही सापडणार नाही.

मग प्रश्न असा की, ज्या शहरात इतकी कल्पकता होती, त्या शहरातील माणसाला स्कूटरसाठी दहा वर्षे का थांबावे लागले? आणि एका कंपनीचे नाव साऱ्या वाहनप्रकाराचे नाव का होऊन बसले? त्या नावाला लोकप्रियतेइतकाच पर्यायांचा अभावही कारणीभूत होता. बाजारात दुसरे काही सहसा मिळतच नव्हते.

परवान्यांचे जाळे

१९४८ चा पहिला औद्योगिक धोरणाचा ठराव, १९५१ चा उद्योग विकास व नियमन कायदा आणि ३० एप्रिल १९५६ चा दुसरा औद्योगिक धोरण ठराव या तीन खांबांवर समाजवादी नियोजनाचा मांडव उभा राहिला. नियोजनकारांचा हेतू वाईट होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देश दरिद्री होता, परकीय चलन तुटपुंजे होते आणि चैनीच्या वस्तूंवर भांडवल उधळले जाऊ नये, ही चिंता रास्त होती. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा ऋषितुल्य अर्थतज्ज्ञ १९६७ पासून काही वर्षे नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष होता. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागे उभा राहिलेला हा माणूस जनतेच्या हिताचाच विचार करणारा होता. परंतु हेतू शुद्ध असला म्हणून व्यवस्था शुद्ध ठरत नाही.

ही व्यवस्था चालत कशी असे? एखाद्या कारखानदाराला वर्षाला हजार गाड्या बनवण्याचा परवाना असेल, तर अकराशेवी गाडी बनवणे हा नियमभंग ठरे. उत्पादन वाढवायचे तर नवा परवाना हवा. यंत्र परदेशातून आणायचे तर आयात परवाना हवा. परदेशी कंपनीशी तांत्रिक करार करायचा तर त्याला स्वतंत्र मंजुरी हवी. भांडवल उभारायचे तर आणखी एक कचेरी. १९६९ साली मक्तेदारी प्रतिबंधक कायदा आला आणि मोठ्या उद्योगसमूहांच्या मार्गात आणखी एक फाटक उभे राहिले. यावर कडी म्हणजे किमतीही सरकारच ठरवी. मोटारी आणि स्कूटर यांच्या वितरणावर नियंत्रण आदेश होते. नोंदणी करणाऱ्याने टपाल खात्याच्या बचत बँकेत अनामत रक्कम गुंतवायची आणि आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसायचे.

बजाज समूहाने १९४८ पासून इटलीच्या दुचाक्या व तीन चाकी वाहने आयात करून विकली. भारतात उत्पादन करण्याचा परवाना मिळाला तो १९५९ साली. मागणी प्रचंड, परंतु क्षमता बांधलेली. जास्त उत्पादन केले म्हणून तुरुंगात जावे लागले तरी आपली तयारी आहे, असे राहुल बजाज जाहीरपणे सांगत असत. उत्पादन वाढवणे हा जेथे अपराध ठरतो, त्या व्यवस्थेवर याहून कठोर भाष्य कोणते असू शकते?

मोटारींची कथा वेगळी नाही. मूळचे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी ब्रिटिश सत्तेशी झगडत १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. पारतंत्र्यातही या देशात मोटार बनली पाहिजे, ही त्यांची जिद्द होती. स्वातंत्र्यानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना टिकू द्यायचे नाही, असे धोरण ठरले. १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्या येथून निघून गेल्या. देशी उद्योगाला मिळालेली ही संधी होती. पण संधीबरोबर स्पर्धेचा धाक हवा, तो ठेवला गेला नाही. फियाट, ॲम्बेसेडर आणि स्टँडर्ड या तीन गाड्यांपलीकडे मध्यमवर्गीयाला निवड उरली नाही. सत्तरच्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी बनत. आज हीच संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली आहे. याच देशातील माणसांनी हे करून दाखवले. मधल्या काळात बदलली ती व्यवस्था.

आयात केलेली मोटार हा तर दुर्मीळ प्रकार होता. वकिलातीतील परदेशी अधिकारी मायदेशी परतताना आपल्या गाड्या सरकारच्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकत आणि त्या घेण्यासाठी धनिक व चित्रपट तारे निविदा भरत. समाजवादी व्यवस्थेत परदेशी गाडी नाहीशी झाली नाही, ती फक्त सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली. चैनीवर बंदी घालण्यासाठी आलेल्या धोरणाने चैन हा मूठभरांचा मक्ता करून ठेवला.

रांगेने माणसाला काय शिकवले?

टंचाईचे आर्थिक परिणाम पुष्कळांनी लिहिले आहेत. तिचे सांस्कृतिक परिणाम मात्र दुर्लक्षित राहिले आणि राष्ट्रजीवनाचा विचार करणाऱ्याने त्यांचाच अधिक विचार करायला हवा.

जी वस्तू सरकारी किमतीला रांगेत मिळते आणि रांगेबाहेर दुप्पट किमतीला विकली जाते, तिच्याभोवती एक नवा धंदा उभा राहतो. स्कूटर हाती पडताच ती 'ऑन' घेऊन विकणारे निर्माण झाले. नंबर लागणे हीच मालमत्ता ठरली. मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती कोटा आला आणि त्यांच्या चिठ्ठीला किंमत आली. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांग चुकवून गाडी मिळे, म्हणून ज्याचा मेहुणा अमेरिकेत, तो भाग्यवान ठरे. आणि ज्याचा मेहुणा नाही, ज्याच्याकडे वशिला नाही, ज्याला 'ऑन' द्यायचे नाही, असा शाळामास्तर, बँकेतील कारकून किंवा टपाल खात्यातील कर्मचारी मुकाट्याने सायकल मारत राही.

प्रामाणिक माणूस मागे राहतो आणि लबाड पुढे जातो, हे दृश्य एका पिढीने रोज पाहिले. केवळ स्कूटरसाठी नव्हे, तर टेलिफोनसाठी, स्वयंपाकाच्या गॅससाठी आणि सिमेंटच्या पोत्यासाठीही. लाच द्यावी लागते ही गोष्ट मुलांनी घरातच ऐकली, तीही सज्जन वडिलांच्या तोंडून. ज्या समाजात 'सत्यमेव जयते' हे राजचिन्हावर कोरलेले आहे, त्या समाजाला व्यवस्थेने असत्याचे बाळकडू पाजले. भ्रष्टाचार हा भारतीयांचा स्वभाव आहे, असे पुढे काही विद्वान म्हणू लागले. तो स्वभाव नव्हता, ते शिक्षण होते. ते ज्या शाळेत दिले गेले, तिचे नाव परवाना-परमिट राज. राजाजींनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष स्थापन केला, तो याच राजवटीविरुद्ध आवाज उठवण्यासाठी.

दुसरा परिणाम गुणवत्तेवर झाला. गिऱ्हाईक दहा वर्षे थांबायला तयार असेल, तर कारखानदाराने गाडी सुधारावी कशासाठी? दार नीट लागत नाही, इंजिन तापते, नव्या गाडीला पहिल्याच महिन्यात गॅरेज दाखवावे लागते, याची तक्रार कोणाकडे करायची? विकणारा उपकारकर्ता आणि घेणारा याचक, असे नाते तयार झाले.

तिसरा परिणाम विलक्षण आहे. बड्या भांडवलदारांना आवर घालण्यासाठी जी परवाना पद्धत आणली, तिचा लाभ बड्यांनीच उठवला. १९६७ चा आर. के. हझारी यांचा अहवाल आणि त्यानंतरच्या दत्त समितीचा अहवाल यांतून हेच उघड झाले. बड्या घराण्यांनी एकाच वस्तूसाठी अनेक परवाने मागून ठेवले आणि कारखाने न काढता केवळ प्रतिस्पर्ध्याची वाट अडवली. दिल्लीत ज्याचा माणूस बसलेला, त्याला परवाना. आकुर्डी-भोसरीच्या गाळ्यात काम करणाऱ्या होतकरू लघुउद्योजकाला दिल्लीचे हेलपाटे परवडणारे नव्हते.

लोखंडी पडद्याआडची रांग

हे केवळ भारतातच घडले काय? नाही. ज्या समाजवादी देशांकडे आपले नियोजनकार आदराने पाहत होते, तेथे तर ही रांग अधिक लांब होती. पूर्व जर्मनीत त्स्विकाऊ येथे बनणाऱ्या 'ट्रॅबांट' या छोट्या मोटारीसाठी दहा वर्षांहून अधिक प्रतीक्षा करावी लागे. हंगेरीत मोटारी बनतच नव्हत्या. समाजवादी गटाने आपसांत कामे वाटून घेतली होती आणि हंगेरीच्या वाट्याला 'इकारुस' बसगाड्या आल्या होत्या. मोटारीसाठी हंगेरियन माणूस सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया यांच्याकडे डोळे लावून बसे. मालवाहू व्हॅन पोलंडमध्ये 'न्यीसा' आणि 'झूक', पूर्व जर्मनीत 'बार्कास', तर लाटव्हियात 'राफ' अशा बनत आणि समाजवादी देशांत एकमेकांकडे आयात होत. त्या मिळत सरकारी खात्यांना व संस्थांना. स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्या खासगी माणसाला व्हॅन मिळणे महाकठीण होते, कारण व्हॅन हाती आली की माणूस स्वतंत्र होतो. जुनी, वापरलेली मोटार नव्या मोटारीपेक्षा महाग विकली जाई, कारण जुनी आज मिळे आणि नवी दहा वर्षांनी.

हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० साली टंचाईच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. टंचाई ही एखाद्या अधिकाऱ्याची चूक किंवा एखाद्या वर्षाचे दुर्दैव नसून ती त्या व्यवस्थेच्या पोटातूनच जन्माला येते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. तोटा झाला तरी सरकार भरून देणार, हे ठाऊक असलेला कारखाना खर्चाची पर्वा करत नाही. मिळेल तेवढे लोखंड, मिळेल तेवढे रबर तो गोदामात कोंबून ठेवतो. सारेच तसे करतात, म्हणून साऱ्यांनाच कमी पडते. समाजवादाच्या आतून आलेली ही साक्ष असल्याने तिचे मोल मोठे आहे.

आपल्याकडेही या वृत्तीचा मासला आहे. केंद्र सरकारने १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली आणि इटलीतील लॅम्ब्रेटा स्कूटरचा कारखानाच विकत घेऊन भारतात आणला. त्या स्कूटरचे उत्पादन पुढे बंद पडले, कंपनी वर्षानुवर्षे सरकारी मदतीवर तगून राहिली आणि अखेर २०२१ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला. याउलट पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून निघालेली 'प्रिया' घरोघरी पोहोचली. शासनाचा सहभाग दोन्हीकडे होता. फरक होता तो काम जाणणाऱ्याच्या हाती कारभार देण्याचा.

तिसऱ्या वाटेचे द्रष्टे

त्या काळात या व्यवस्थेला विरोध करणे सोपे नव्हते. नियोजनावर टीका करणाऱ्याला गरिबांचा शत्रू ठरवले जाई. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी आपली भिन्नमतपत्रिका नोंदवली, ती बाजूला सारली गेली. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९५८ साली दोन योजनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून त्यांनी एकात्म मानवदर्शन मांडले. भांडवलशाही आणि समाजवाद या दोन्हींत माणूस हरवतो, एकीत तो नफ्याचे साधन होतो, तर दुसरीत शासनयंत्राचा खिळा होतो, ही त्यांच्या विचाराची दिशा. सत्ता आणि संपत्ती या दोन्हींचे विकेंद्रीकरण हवे, हा त्यांचा आग्रह होता.

वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी हा विचार श्रमिकांपर्यंत नेला. १९५५ साली त्यांनी भारतीय मजदूर संघ स्थापन केला आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये नागपूरला स्वदेशी जागरण मंच. या दुसऱ्या तारखेकडे लक्ष द्या. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये परवाना पद्धती मोडीत काढणारे नवे औद्योगिक धोरण आले होते. शासकीय बेडी तुटल्याबरोबर परदेशी कंपन्यांची बेडी पायात पडू नये, याचे भान ठेंगडींना होते. आणि आपल्या विचारांचे सरकार दिल्लीत आल्यावरही त्यांनी आर्थिक धोरणांवर परखड टीका करणे थांबवले नाही, हे कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये.

संरक्षण नव्हे, सामर्थ्य

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. परदेशी गाड्यांना दार बंद केले नसते, तर पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी उभी राहिली असती काय? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. सुटे भाग देशातच बनवले पाहिजेत, या अटीमुळे भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या परिसराचा कायापालट झाला. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने १९६६ पासून पुण्यात पाय रोवले. जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी झालेला १९५४ चा करार पंधरा वर्षांनी संपला, तेव्हा ही कंपनी स्वतःच्या पायावर उभी होती. पियाज्जोशी करार संपल्यावर बजाजने स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले. 'चेतक' ही अशी आली.

म्हणजे संरक्षणाचा लाभ झालाच. रोपट्याभोवती कुंपण हवेच. पण झाड झाल्यावरही कुंपण काढले नाही, तर ते झाडालाच आवळते. याचा पुरावा पुण्यातच आहे. ऐंशीच्या दशकात सरकारने हलक्या मालवाहू वाहनांसाठी जपानी सहकार्याला परवानगी दिली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी अशा चार जोड्या मैदानात उतरल्या. जपानी तंत्रापुढे देशी वाहन टिकणार नाही, असे अनेकांनी भाकीत केले. टेल्कोच्या अभियंत्यांनी १९८६ मध्ये '४०७' हे वाहन आणले, आपल्या रस्त्यांना, आपल्या ओझ्याला आणि आपल्या गॅरेजवाल्याला मानवणारे. निकाल सर्वांसमोर आहे. डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निस्सान ही नावे आज स्मरणातही नाहीत आणि ४०७ खेडोपाडी पोहोचली. दार बंद असताना जे सामर्थ्य झोपले होते, ते दार उघडल्यावर जागे झाले.

त्याच परंपरेत डिसेंबर १९९८ मध्ये 'इंडिका' आली आणि मे २००५ मध्ये 'टाटा एस'. दोन सिलिंडरची ही छोटी मालवाहू गाडी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने घडवली. तीन चाकी टेम्पोवाल्याला चार चाके हवी होती, स्वतःच्या नावावर हवी होती, बाजारात मान देणारी हवी होती. त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले आणि मग आराखडा कागदावर उतरला. लोकांनी तिला नाव दिले 'छोटा हत्ती'. 'टेम्पो' हे नाव कंपनीकडून आले आणि गिऱ्हाइकाने निमूट स्वीकारले. 'छोटा हत्ती' हे नाव गिऱ्हाइकाने ठेवले आणि ते देशभर रूढ झाले. याचक ते नाव ठेवणारा यजमान, हा प्रवास समजला की गेल्या अर्धशतकाचा आर्थिक इतिहास समजतो. कर्ज काढून छोटा हत्ती घेणारा मुळशी-मावळचा तरुण आज कोणाचा नोकर नाही. तो दीनदयाळजींच्या विकेंद्रीकरणाचा चालताबोलता दाखला आहे.

रांग संपली आहे काय?

वाहनांची रांग संपली. ज्या गोष्टी अजूनही शासनाच्या हातात आहेत, त्यांची रांग मात्र संपलेली नाही. हिंजवडीकरांना हे वेगळे सांगायला नको. औद्योगिक विकास महामंडळ, ग्रामपंचायती, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्या हद्दींच्या सांध्यांत येथील रस्ता, पावसाळी पाण्याचा निचरा आणि कचरा अडकून पडतो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे तेवीस किलोमीटरच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. गाड्यांच्या चाचण्या सुरू झाल्या २०२५ मध्ये. वस्तू बाजारात मुबलक झाली, पण सार्वजनिक सेवा रांगेतच उभी राहिली.

यातून काही जण निष्कर्ष काढतील की, सारेच बाजारावर सोपवावे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. रस्ता, बस आणि नाला बाजारात विकत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी नियोजन लागतेच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे नफ्याचा हिशेब न पाहता ती दुर्गम गावांपर्यंत गेली. हेही शासनाचेच काम होते आणि ते चांगले होते. दोष नियोजनाचा नाही. दुसऱ्याने काय घ्यावे, किती घ्यावे, केव्हा घ्यावे हे आपण ठरवू, या अहंकाराचा तो दोष आहे. शासनाने रस्ता बांधावा. त्यावरून कोणती गाडी धावेल, हे नागरिकाने ठरवावे. पहिले काम टाळायचे आणि दुसऱ्यात नाक खुपसायचे, ही आपल्या समाजवादाची खरी शोकांतिका होती.

परावलंबनाचे रूपही बदलले आहे. आज 'चेतक' विजेवर धावते आणि ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि आपल्या विद्युत वाहन उद्योगाच्या पोटात गोळा आला. एकेकाळी परवाना दिल्लीत अडे, उद्या तो बीजिंगमध्ये अडू शकतो. म्हणून आत्मनिर्भरता हवीच. पण ती पुन्हा कोटा, वशिला आणि मूठभरांच्या संरक्षणातून आणू पाहिली, तर तीच टंचाई आणि तोच कणाहीनपणा नव्या नावाने परत येईल. अनुदान आणि उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन देताना कालमर्यादा असावी, लहान उद्योजकाला दार खुले असावे आणि तो पैसा प्रयोगशाळेत व कारागिरात मुरावा. सरकार आपल्या विचारांचे असले तरी हा प्रश्न विचारण्याचे दायित्व कार्यकर्त्यांवर राहतेच. किंबहुना तेव्हा ते अधिक असते.

हिंजवडीत जगाच्या मोटारींसाठी संगणकप्रणाली लिहिली जाते. ती लिहिणारे हात येथे बसले आहेत. परदेशी कंपनीने सांगितलेले काम वेळेत पूर्ण करणे हे कौशल्य झाले. आपल्या शेतकऱ्याला, टेम्पोचालकाला, बसच्या उतारूला काय हवे, हे त्याच्याकडे जाऊन विचारणे आणि त्यासाठी बुद्धी खर्च करणे, हे राष्ट्रकार्य झाले. फिरोदियांनी माणूस ओढत असलेली रिक्षा पाहिली आणि ते अस्वस्थ झाले. त्या अस्वस्थतेतून एक उद्योग उभा राहिला. आजच्या तरुण अभियंत्याला कोणती गोष्ट अस्वस्थ करते, याच्या उत्तरावर पुढच्या पन्नास वर्षांची स्वदेशी अवलंबून आहे.

आणि एक पथ्य प्रत्येक घराने पाळण्याजोगे आहे. रांग कितीही लांब असो, वशिल्याने पुढे जायचे नाही आणि आपल्यासमोर कोणी जात असेल तर गप्प बसायचे नाही. टंचाईच्या काळात ज्या सामान्य माणसांनी 'ऑन' दिले नाही, चिठ्ठी आणली नाही आणि वर्षानुवर्षे सायकल मारली, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. पण व्यवस्था ढासळत असताना समाज उभा राहिला, तो त्यांच्या खांद्यांवर. त्यांच्या नातवंडांना गाडी सहज मिळाली. त्यांचे चारित्र्य मात्र प्रत्येक पिढीला स्वतःच कमवावे लागते.